गोणपाटातलं सामान: जुन्या गाडीचे इलेक्ट्रिक भाग ओळखायचे कसे

मामा गेल्यावर गोव्यात डिचोलीच्या त्याच्या शेडमधून मॉरिस मायनर बाहेर काढली, तेव्हा मागच्या सीटवर एक गोणपाट होतं. आत बावीस वस्तू. डायनॅमो (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) ओळखला, हॉर्न ओळखला. बाकी सगळे काळे पत्र्याचे डबे, बेकलाइटची झाकणं आणि शेपट्या तुटलेल्या वायरी. शेजारचा एकजण म्हणाला, "भंगारात घाल, किलोवर जाईल." मी दोन वस्तू घातल्याही. त्यातली एक म्हणजे गाडीचा मूळ कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधला आपोआप चालू-बंद होणारा स्विच होता, हे चार महिन्यांनी कळलं.

ज्यांच्या दारात अशी गाडी किंवा घरात असं गोणपाट नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी इलेक्ट्रिशियन नाही. चुका करत शिकलो, आणि बऱ्याच चुका इथे येतीलच.

गोव्यात हे काम जरा जास्तच गुंत्याचं. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज होते आणि विलायती गाड्या मुरगाव बंदरात उतरायच्या. इंग्रजी मॉरिस, जर्मन ओपेल आणि फोक्सवागन, अमेरिकन शेवरले, सगळंच. मर्सिडीज डिझेल तर इथे टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावल्या. पुढे मूळ सामान मिळेनासं झालं आणि आपल्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकांनी, हाताला लागेल ते बसवून गाड्या चालत्या ठेवल्या. अॅम्बॅसॅडरचा कटआउट मॉरिसला, फियाटचा फ्लॅशर मर्सिडीजला. त्यामुळे गाडीत बसलेली वस्तू त्याच गाडीची असेल असं धरून चालू नका. आणि गोणपाटात टाकलेली वस्तू निकामीच असेल, असंही नाही.

पायरी १: वायर काढू नका, फोटो काढा

बॅटरी असेल तर आधी तिची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, केबल सोडवा. बोटातली अंगठी आणि मनगटावरचं कडं काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, पण अंगठीतून शॉर्ट झाला तर ती क्षणात लालबुंद होते.

मग बॉनेटखालचे, डॅशबोर्डमागचे, डिकीतले फोटो घ्या. आधी लांबून, मग जवळून. प्रत्येक वस्तूला कागदी टेपची चिठ्ठी लावा आणि चिठ्ठीवर नाव लिहू नका, जागा लिहा: "फायरवॉल, ड्रायव्हरच्या बाजूला, दोन स्क्रू". नाव चुकू शकतं, जागा चुकत नाही. पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई आपल्या जूनमध्ये टिकत नाही. माझ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर पहिल्याच पावसात नुसते निळे डाग उरले होते.

पायरी २: सहा की बारा व्होल्ट, आणि अर्थ कुठला

हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या बॅटरीवर झाकणं किती ते मोजा: तीन असतील तर सहा व्होल्ट, सहा असतील तर बारा. बॅटरीच नसेल तर बल्बच्या पितळी टोपीवरचा आकडा वाचा, पण एकाच बल्बवर भरवसा ठेवू नका, चार-पाच बघा. बीटल १९६६ पर्यंत सहा व्होल्टची होती. शेवरले १९५४ पर्यंत सहा, १९५५ पासून बारा. मर्सिडीज १८० डी बाराचीच. सहा व्होल्टच्या गाडीतल्या वायरी जाडजूड असतात, कारण तेवढ्याच कामासाठी करंट दुप्पट लागतो.

आता अर्थ. आज आपण मायनस बॉडीला लावतो. पण इंग्रजी गाड्यांमध्ये साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्लस बॉडीला असायचा. जर्मन गाड्या मायनस अर्थच्या. अमेरिकन गाड्यांत शेवरले मायनस, तर सहा व्होल्टची जुनी फोर्ड प्लस. बॅटरीच्या दोन खुंट्यांपैकी जाड ती प्लस, हे कायम लक्षात ठेवा. तिची केबल बॉडीला गेली असेल तर गाडी प्लस अर्थची.

मी हे बघितलं नव्हतं. नवी बॅटरी आणली आणि सवयीने मायनस बॉडीला लावला. दिवे लागले, हॉर्न वाजला, इंजिनही सुरू झालं. दिवे आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) यांना उलट-सुलट काही कळत नाही. डायनॅमोला मात्र कळतं. त्याच्या लोखंडात आधीच्या दिशेचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यामुळे तो जुन्याच दिशेने वीज बनवत राहिला, आणि ती बॅटरीच्या विरोधात जाण्याऐवजी तिच्यात मिळाली. कटआउटचे पॉइंट जागच्या जागी चिकटून वेल्ड झाले. जळक्या वार्निशचा वास दोन दिवस शेडमध्ये होता. भंगारात गेलेल्या मूळ कटआउटची आठवण मला त्याच दिवशी झाली.

पायरी ३: ठसा वाचा

ओळख पटवण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे वस्तूवर ठोकलेले आकडे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, पितळ कळकतं, आणि माणूस पहिल्यांदा सँडपेपर घेतो. तो घेऊ नका. कळकलेलं पितळ म्हणून चिंच-कोकमही नको, ती पाटीवरचं अक्षर खातात. रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे. मळ निघाल्यावर त्या जागेवर पांढरा खडू आडवा घासा आणि फडक्याने हलकेच पुसा. खोलगट भागात खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. तरीही दिसत नसतील तर खोली अंधारी करा आणि टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरपा मारा. माझ्या डायनॅमोवरचा "५६" असाच रात्री दहा वाजता दिसला.

इंग्रजी गाडीत सामान बहुतेक बर्मिंगहॅमच्या लुकासचं. त्यांचा ठसा तीन तुकड्यांत असतो. पहिला मॉडेलचा: सी ३९, सी ४० किंवा सी ४५ म्हणजे डायनॅमो, एम ३५ किंवा एम ४१८ म्हणजे सेल्फ, आरबी १०६ किंवा आरबी ३४० म्हणजे कटआउट-रेग्युलेटरचा डबा, २५डी४ म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगांना ठिणगी वाटून देणारा, ज्याला आपले मेकॅनिक डेल्को म्हणतात. आकड्यांतही माहिती असते. सी ३९ ची बॉडी ३.९ इंच व्यासाची, सी ४० ची ४ इंच. एम ३५ साडेतीन इंचाचा, एम ४१८ सव्वाचारला थोडा कमी, म्हणजे चार पूर्णांक एक अष्टमांश इंच. ठसा पुसला गेला असेल तर कॅलिपर लावूनही अंदाज बांधता येतो. २५डी४ मधला शेवटचा ४ म्हणजे चार सिलिंडर, २५डी६ सहाचा.

दुसरा तुकडा पाच आकड्यांचा पार्ट नंबर, त्यामागे कधी एक अक्षर. सामान शोधताना हे अक्षरही सांगा, कारण सुधारित आवृत्ती त्यावरूनच कळते.

तिसरा तुकडा तारखेचा आणि मला सर्वांत आवडणारा. "८ ५६" म्हणजे ऑगस्ट १९५६. गाडीच्या पाटीवरची तारीख त्याच्या थोडी नंतरची असेल तर वस्तू मूळ असण्याची शक्यता चांगली. वस्तूची तारीख गाडीहून बरीच नंतरची निघाली, तर ती मागाहून बसवलेली.

इथे एक सोपी खूण आहे. डब्यावर नुसतं "लुकास" आणि "मेड इन इंग्लंड" असेल तर वस्तू विलायतेतून आलेली. "लुकास-टीव्हीएस" असेल तर ती मद्रासची, आणि ती कंपनी निघाली १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. पोर्तुगीज काळात उतरलेल्या गाडीत लुकास-टीव्हीएसची पाटी दिसली की तो भाग नंतरचा, त्यावर वाद नको. तसंच स्पार्क प्लगवर "मायको" दिसलं तर तो बंगळूरचा. वाईट नाही, मूळचा नाही इतकंच.

जर्मन गाडीत बॉश. त्यांच्या जुन्या डायनॅमोच्या पाटीवर मॉडेलच्या अक्षरांनंतर १३०/६ किंवा १६०/१२ असं काही असतं. पहिला आकडा वॅट, दुसरा व्होल्ट. सहा की बारा हा प्रश्न एका नजरेत सुटतो. नंतरच्या बॉश वस्तूंवर दहा आकडी नंबर असतो आणि सुरुवातीवरून जात कळते: ० ००१ सेल्फ, ० १२० अल्टरनेटर, ० २२१ कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), ० २३१ डिस्ट्रिब्युटर.

अमेरिकन गाडीवर डेल्को-रेमी कंपनीचा ठसा. तारखेत एक आकडा, एक अक्षर, मग दिवस. आकडा वर्षाचा शेवटचा, अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं पुढे, पण आय हे अक्षर वगळलेलं. दशक मात्र तुम्हाला गाडीवरूनच लावावं लागतं.

पायरी ४: टर्मिनलवरची अक्षरं

पाटी गेली, ठसा गेला, तरी पितळी स्क्रूशेजारचं अक्षर बहुधा शाबूत असतं.

लुकासच्या डायनॅमोवर दोनच टर्मिनल, मोठं डी, छोटं एफ. डी मधून वीज बाहेर येते, एफ फील्डचं, म्हणजे आत चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचं. आरबी १०६ च्या डब्यावर पाच: ए, ए१, एफ, डी, ई. वरचं काळं झाकण काढलं की आत दोन कॉइल (तारेच्या गुंडाळ्या) उभ्या दिसतात, एक कटआउट आणि एक व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. तीन कॉइल दिसल्या तर तो आरबी ३४०. एक गोष्ट ठळक सांगतो: टर्मिनलांचा क्रम प्रत्येक डब्यावर सारखा नसतो. "डावीकडून दुसरं" असं लक्षात ठेवून वायर लावू नका, अक्षर वाचूनच लावा.

फियाट ११०० च्या घराण्यातल्या डायनॅमोवर अक्षरं नसून आकडे असतात: ५१ म्हणजे आउटपुट, ६७ म्हणजे फील्ड. अमेरिकन रेग्युलेटरवर बॅट, जेन आणि फील्डचा एफ.

जर्मन आकडे एकदा पाठ करून टाका, कारण तेच आजच्या नव्या गाड्यांच्या रिलेवरही आहेत. ३० बॅटरीतून थेट, १५ चावी फिरवल्यावर, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ४९ आणि ४९ए फ्लॅशर, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग लाइट.

ठिणगीच्या इंग्रजी कॉइलवर जुन्या काळी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं. एसडब्ल्यू चावीकडे, सीबी डिस्ट्रिब्युटरकडे. जर्मन कॉइलवर त्याच जागी १५ आणि १.

पायरी ५: वायरींचे रंग, आणि त्यातला धोका

लुकासच्या गाडीत तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी चावीनंतरची, फ्यूजशिवाय. हिरवी चावीनंतरची पण फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून पण कायम जिवंत, हॉर्नसारख्या गोष्टींसाठी. निळी हेडलाइट, लाल पार्किंग आणि टेल, काळी अर्थ.

जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थ! थेट बॅटरीची लाल, चावीनंतरची काळी. म्हणजे मॉरिसवर शिकलेला माणूस मर्सिडीजला हात लावतो तेव्हा दोन्हीकडे चुकतो: तपकिरीला जिवंत समजतो आणि काळीला अर्थ. मी फोंड्याच्या एका ओळखीच्यांच्या १८० डी वर नेमकं हेच करणार होतो. हातात टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का दाखवणारा दिवा) होता म्हणून वाचलो.

सुती वेष्टणाच्या वायरींचे रंग बॉनेटखाली ओळखू येत नाहीत, सगळं एकजात तपकिरी झालेलं असतं. मग त्याच वायरीचा असा भाग शोधा ज्यावर ऊन आणि तेल पोचलेलं नाही: पत्र्याच्या क्लॅम्पखाली, रबरी ग्रॉमेटच्या आत, डॅशबोर्डमागे. क्लॅम्प किंचित उचलला की कधी कधी साठ वर्षांपूर्वीचा जांभळा जसाच्या तसा दिसतो. आणि लांबच्या लांब चकचकीत लाल प्लॅस्टिकची वायर दिसली तर तिच्या रंगावर विश्वास ठेवू नका. ती कुणीतरी नडीला ओढलेली आहे आणि त्याच्याकडे त्या दिवशी लालच होती.

पायरी ६: फसवणारे डबे

मोठ्या वस्तू दोन दिवसांत ओळखू येतात. वेळ जातो छोट्या पत्र्याच्या डब्यांत.

गोल डबी, तीन पाती, बी, एल आणि पी: इंडिकेटरचा फ्लॅशर. बी पुरवठा, एल दिवे, पी डॅशबोर्डवरचा छोटा बल्ब. जर्मन असेल तर ४९, ४९ए.

चपटा छोटा डबा, मीटरांच्या मागे लावलेला: व्होल्टेज स्टॅबिलायझर. साठच्या दशकातल्या इंग्रजी गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचरच्या काट्यांना सरासरी दहा व्होल्ट देतो. मल्टिमीटर लावला तर काटा किंवा आकडा सारखा वर-खाली होतो. तो बिघाड नव्हे, त्याची पद्धतच चालू-बंद होण्याची.

फ्लॅशरसारखीच दिसणारी, पण खाली जाड पिना असलेली लांबट अॅल्युमिनियमची डबी: ही जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची व्हायब्रेटर. माझ्या गोणपाटात होती. तिला मी तीन आठवडे फ्लॅशर समजत होतो, आणि मॉरिसच्या इंडिकेटरवर उगाच चिडत होतो.

मॉरिसच्या दरवाजाच्या खांबातून बाहेर येणारा बाणासारखा हात म्हणजे ट्रॅफिकेटर, वळण दाखवणारा जुना इंडिकेटर, मॉडेल एसएफ ८०. आत कॉइल, ती हात वर ओढते, आणि हातात एक लांबट बल्ब. अडकला असेल तर जोर लावू नका, बिजागरीला शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब द्या.

बेकलाइटची काळी टोपी आणि खाली पितळी-अॅल्युमिनियमची बॉडी, चावी फिरवली की टक्-टक्-टक्: एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. अनेक जण त्याला रिले समजतात.

डिझेल मर्सिडीजमध्ये कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर शोधत बसू नका, तिथे ते नसतातच. त्याऐवजी सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग, चारही एकामागोमाग एकाच माळेत. एक उडाला की चारही थंड. डॅशबोर्डवर जाळीमागे लाल होणारी छोटी तार दिसते ती त्याच माळेतली. ती लाल होत नसेल तर आधी प्लग तपासा.

फ्यूजबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. लुकासच्या काचेच्या फ्यूजमध्ये कागदाची चिठ्ठी असते. तिच्यावरचे ३५ अँपिअर म्हणजे फ्यूज उडतो तो आकडा. सतत वाहायचा करंट जेमतेम १७. आजचा ३५ चा फ्यूज सतत ३५ सोसतो, तो बसवलात तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

पायरी ७: ओळखलं, आता चालतंय का बघा

डायनॅमो, फक्त लुकासचा: दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ तारेच्या तुकड्याने जोडा. मल्टिमीटरचं एक टोक त्या तारेला, एक बॉडीला. प्लस अर्थच्या गाडीत लाल टोक बॉडीला, विसरू नका. इंजिन हळू चालवा आणि वेग हळूहळू वाढवा. व्होल्टेज सरसर चढलं पाहिजे, न थरथरता. वीसच्या वर जाऊ देऊ नका, इंजिन रेस करू नका. एखाद्याच व्होल्टवर अडकलं तर फील्डवर संशय घ्या, काहीच नाही आलं तर आधी कार्बन (आतले घासणारे ब्रश) बघा. बहुतेकदा कार्बनच झिजलेले किंवा अडकलेले असतात.

अर्थ बदलला असेल किंवा डायनॅमो वर्षानुवर्षं पडून असेल, तर एफ ची वायर काढून बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) खुंटीची तार एफ ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी दिसेल. चुंबकत्व नव्या दिशेला लागलं. कॉइलच्या दोन वायरीही त्याच वेळी अदलाबदल करा. हे मी आधी केलं असतं तर शेडमध्ये वास आला नसता.

कॉइल: दोन छोट्या टर्मिनलमध्ये ओहम मोजा. तीनच्या आसपास आलं तर साधी बारा व्होल्टची कॉइल. दीडच्या आसपास आलं तर ती एक तर सहा व्होल्टची किंवा बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट कमी करणाऱ्या भागासोबत) चालणारी, म्हणजे आसपास पांढऱ्या सिरॅमिकची पट्टी शोधा.

पायरी ८: ठेवायचं कसं

ओळखलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहा: जागा, ठसा, तारीख, टर्मिनल, चाचणीत काय आलं. मग सुती फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट नको. पिशवीत आपल्याकडे श्रावणापर्यंत आतून पाणी धरतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून टाका, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. डायनॅमो आणि सेल्फ आडवे, आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवा.

माझ्या बावीसपैकी दोन भंगारात गेल्या. उरलेल्या वीसपैकी एकोणीस ओळखल्या. विसावी म्हणजे अंगठ्याएवढा बेकलाइटचा तुकडा, एकच स्क्रू, ठसा नाही. तो फळीवरच्या डब्यात आहे, चिठ्ठीवर लिहिलंय: "मागची सीट, गोणपाट, तळाशी."